मोटारी उडवत नेणारी विमाने आतून कशी होती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण नेमक्या कोणत्या विमानांबद्दल बोलतोय?

मुख्यतः दोन. पहिले ब्रिस्टल कंपनीचे टाइप १७० 'फ्रेटर'. हे २ डिसेंबर १९४५ रोजी फिल्टन इथे पहिल्यांदा उडाले आणि एकूण २१४ बनली. दुसरे 'कारव्हेअर'. ते १९६१ चे आणि अवघी २१ बनली. दोघांचे काम एकच होते. इंग्लंडमधला माणूस आपली मोटार घेऊन विमानतळावर यायचा, मोटार विमानाच्या नाकातून आत जायची, माणूस मागच्या दाराने चढायचा आणि वीसेक मिनिटांनी दोघेही फ्रान्समध्ये उतरायचे. आपल्याकडे दाभोळ-धोपावे जंगलजेट्टीने गाडीसकट खाडी ओलांडलेली माणसे भरपूर आहेत. तोच प्रकार, फक्त हवेतून.

लष्करी मालवाहू विमानांतही जीप आणि ट्रक जायचे, पण तो विषय वेगळा. तिकीट काढून, कुटुंबाला घेऊन, स्वतःच्या मोटारीसह सुट्टीला जाणाऱ्यांसाठी ज्या विमानांची आतली मांडणी ठरली, त्यांच्यापुरतेच इथे बोलू.

गाडी विमानातून न्यावी असे कुणाला का वाटले?

जहाजाने नेणे वैतागाचे होते म्हणून. महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बहुतेक जहाजांवर गाडी चालवत चढवता येत नसे. क्रेनने दोरखंडात उचलून ती जहाजात ठेवत. गाडी हवेत लोंबकळताना खाली उभ्या मालकाच्या जिवाचे काय होत असेल, ते गाडीवर जीव असणाऱ्यांना सांगायला नको. त्यात वेळही बक्कळ जायचा.

सिल्व्हर सिटी एअरवेज या कंपनीने जुलै १९४८ मध्ये केंटमधल्या लिम्प्न इथून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ल तुके गावापर्यंत फ्रेटरने मोटारी न्यायला सुरुवात केली. कंपनी ग्रिफिथ पॉवेल यांच्या हाताखाली चालायची. 'सिल्व्हर सिटी' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावाचे टोपणनाव, कारण कंपनीमागे खाणवाल्यांचा पैसा होता. लिम्प्नचे मैदान गवताचे होते आणि पावसात त्याचा चिखल व्हायचा. म्हणून कंपनीने जवळच लिड इथे स्वतःचा विमानतळ बांधला आणि त्याला 'फेरीफील्ड' असे नाव दिले. तो १९५४ मध्ये सुरू झाला.

वैमानिक एवढा उंचावर का बसलेला दिसतो?

या विमानांबद्दल कळून घेण्यासारखे जे काही आहे, त्याचे मूळ इथेच आहे.

मोटार आत न्यायची तर दार मोठे हवे. दार बाजूला ठेवले तर मोटार वळवून घ्यावी लागते, आणि विमानाच्या आत मोटार वळवायला जागा कुठली? म्हणजे दार पुढे किंवा मागे हवे. ब्रिस्टलच्या अभियंत्यांनी ते पुढे ठेवले. नाकाचे उभे दोन भाग केले आणि वाड्याच्या दरवाजासारखे ते डावी-उजवीकडे उघडतील असे बसवले. आता नाकातून गाड्या जायच्या म्हटल्यावर वैमानिकाला तिथून हुसकावणे आलेच. त्याला उचलून पोटमाळ्यावर बसवले. कॉकपिट छताच्या वर गेले आणि मालाचा कप्पा नाकापासून मागपर्यंत सलग मोकळा राहिला.

वर जायला शिडी होती, आणि ती मालाच्या कप्प्यातूनच वर जायची. म्हणजे वैमानिकाला आपल्या जागेवर पोचायला गाड्यांशेजारून अंग चोरत जावे लागे. जुन्या चाळीतल्या पोटमाळ्याच्या शिडीशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

विमानाचे ते फुगीर कपाळ आणि बोजड चेहरा लोकांना कुरूप वाटतो. मला उलट वाटते. इथे सजावट म्हणून काहीच नाही, प्रत्येक फुगवट्याला कारण आहे. अशी विमाने फार थोडी असतात.

मग प्रवासी कुठे बसायचे? आपापल्या गाडीत?

नाही. हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि उत्तर ऐकून हिरमुसतात. गाड्या पुढे, मध्ये आडभिंत आणि तिच्यामागे शेपटीच्या बाजूला प्रवाशांची छोटी केबिन. त्यांचे दारही मागे, वेगळे. मालकाने किल्ली कंपनीच्या माणसाच्या हाती द्यायची आणि आपण मागून चढायचे.

सुरुवातीच्या फ्रेटरमध्ये दोन गाड्या आणि डझनभर माणसे असा साधारण हिशेब असे. नंतरच्या लांब फ्रेटरमध्ये तीन गाड्या आणि वीसच्या आसपास माणसे बसत. आकडा स्थिर नसायचा, कारण आडभिंत आणि आसने कंपनीच्या गरजेप्रमाणे बदलता येत. सायकली आणि मोटारसायकलीही या विमानांनी भरपूर नेल्या. त्या गाड्यांच्या आजूबाजूला उरलेल्या जागेत ठेवत.

केबिन मागेच का? पुढे बसवून गाड्या मागे का नाही ठेवल्या?

पहिले कारण सरळ आहे. दार पुढे आहे. माणसे पुढे बसवली तर गाड्या त्यांच्या डोक्यावरून न्यायच्या का?

दुसरे कारण तोलाचे, आणि ते जास्त गमतीचे आहे. ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना दोन शब्द माहीत असतील: उलाळ आणि धुरजड. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. चांगला गाडीवान पोती रचतानाच आसाच्या पुढे-मागे अंदाज घेतो आणि नुसते जू उचलून पाहिले तरी त्याला कळते.

विमानाचे तंतोतंत तसेच. आसाच्या जागी पंख धरा. पंखांखालच्या हवेने विमान तोललेले असते, त्यामुळे सगळ्या वजनाचा मध्य पंखांजवळच्या एका अरुंद पट्ट्यात पडला पाहिजे. तो फार मागे गेला तर विमान उलाळ होते, नाक वर जाते आणि ते खाली आणणे वैमानिकाच्या हातात राहत नाही. फार पुढे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक उचलतच नाही.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मनाने घेतो. १,२०० किलोची गाडी तोलबिंदूच्या ३ मीटर पुढे उभी केली, तर ती ३,६०० चा झोक पुढे देते. मागच्या केबिनमधली बारा माणसे सरासरी ७५ किलोची धरली तर ९०० किलो होतात. ती तोलबिंदूच्या ४ मीटर मागे बसली की झोक ३,६०० चाच, पण मागे. दोन्ही झोक एकमेकांना खाऊन टाकतात. हलकी माणसे लांब आणि जड गाड्या जवळ. कावडीत एका बाजूची घागर जड असेल तर कावडवाला खांदा तिकडे सरकवतो, तसेच हे. म्हणजे मागची केबिन ही सोय तर होतीच, शिवाय ती वजनकाट्याचे दुसरे पारडेही होती.

यातून एक पंचाईत निघते. गाड्या तीन आल्या आणि माणसे तीनच आली तर? किंवा माणसे वीस आणि गाडी एकच? म्हणून कुठली गाडी कुठे उभी करायची, हे भरण्याआधीच कागदावर ठरवावे लागे. जड गाडी पंखांजवळ आणि छोटी गाडी टोकाला, हा ढोबळ नियम. रांगेत पहिला आलेला पहिला आत जाईल असे नव्हते, आणि त्यावरून कुणाचे तरी नाक मुरडले जात असणारच.

पुढून आत गेलेल्या गाड्या बाहेर कशा यायच्या?

त्याच नाकातून. आत गाडी वळत नाही, म्हणून जशी गेली तशीच उलटी बाहेर काढायची. चढवणे-उतरवणे कंपनीचे चालक करत, मालक नाही. यात शहाणपण होते. उताराच्या फळीवरून, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून, परक्या विमानाच्या पोटात गाडी घालणे हे सुट्टीच्या घाईतल्या माणसाचे काम नव्हे.

आत गेली की हँडब्रेक, चाकांपुढे-मागे ठोकळे आणि मग जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी घट्ट बांधणे. हवेत विमान गचके खाते तेव्हा सैल गाडी म्हणजे एक टन वजनाचा घण. ती सरकली तर आडभिंतीचे नुकसान होईल, शिवाय वर सांगितलेला सगळा तोलही बिघडेल.

भाडे गाडीच्या लांबीवर असायचे, वजनावर नव्हे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे विचित्र वाटले होते. पण कप्प्याची लांबी ठरलेली. गाडी हातभर लांब असली तर तिच्यामागे दुसरी मावत नाही, आणि कंपनीचा तोटा तिथे होतो.

'सुपरफ्रेटर' म्हणजे काय?

फ्रेटरची मार्क ३२ आवृत्ती. ती १९५३ मध्ये सिल्व्हर सिटीच्या सेवेत आली. नाक पाच फुटांनी वाढवले, त्यामुळे विमान ६८ फुटांवरून ७३ फुटांवर गेले आणि दोनाऐवजी तीन छोट्या गाड्या मावू लागल्या. पाच फुटांत अख्खी गाडी कशी, असे विचारू नका. आधीच्या कप्प्यात दोन गाड्या उभ्या करून जी वाया जाणारी जागा उरायची, तिच्यात हे पाच फूट मिळवले की तिसरी बसते. मुंबईच्या घरात कपाट दोन इंच सरकवून फ्रिज बसवणाऱ्यांना हे गणित शिकवायला नको.

पंखांचा पसारा १०८ फूट होता. इंजिने दोन, ब्रिस्टलचीच हर्क्युलिस, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीच्या जरा आत. भरलेल्या विमानाचे वजन सुमारे २० टन.

याच लांब विमानात गाड्यांऐवजी नुसतीच माणसे बसवण्याचा प्रयोगही सिल्व्हर सिटीने केला. एका विमानात साठ आसने घातली.

फ्रेटर चाके आत का घेत नाही? एवढ्या मोठ्या विमानाला उघडी चाके म्हणजे मागासपणाच ना?

मागासपणा नव्हे, हिशेब. चाके पोटात घेणारी यंत्रणा जड असते, महाग असते आणि बिघडते. तिच्यामुळे वेग वाढतो, पण लिम्प्न ते ल तुके हा प्रवास पाऊणशे किलोमीटरच्या आसपासचाच. वाचली तर दोन-तीन मिनिटे वाचतील. त्यासाठी एका गाडीचे भाडे सोडायला कोण तयार होईल?

आतून कसे वाटत असेल?

आवाज. सगळ्या आठवणींत पहिला उल्लेख आवाजाचाच असतो. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून विमान खालूनच उडायचे आणि किनाऱ्यावरचे ढगाळ वारे अंगावर घ्यायचे. न्यूझीलंडमध्ये लोकांनी फ्रेटरचे नाव फिरवून 'ब्रिस्टल फ्राइटनर', म्हणजे घाबरवणारे, असे केले होते. 'एकमेकांना चिकटून उडणारे चाळीस हजार रिव्हेट' (रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारे खिळे) ही तिथली आणखी एक थट्टा.

तरीही लोक आनंदाने बसत, कारण वीस मिनिटांत संपायचे. कॉफी, जेवण, झोप या गोष्टींसाठी जागा राखण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या एसटीच्या तालुका फेरीत जेवढी सोय असते, तेवढी पुरे. लांब प्रवासाच्या विमानांत जी जागा स्वयंपाकघर आणि सामान खाऊन टाकते, ती इथे गाड्यांना मिळाली.

नाक उघडते, तर शेपूट का नाही उघडत? पुढून आत, मागून बाहेर, किती सोपे झाले असते.

हे सुचणारे तुम्ही पहिले नाही. पण मागे दार करायचे तर शेपटीखालचा भाग वर उचललेला हवा आणि त्या मोठ्या भोकाभोवती धड मजबूत करायला जास्त धातू हवा. आणि मागचा भाग निमुळता असल्याने रुंद गाडी तिथून जाणे अवघड. फ्रेटर १९४५ चे, स्वस्त आणि साधे ठेवायचे ठरवूनच बनवलेले. मूळ कल्पना ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी होती. तिथल्या ओबडधोबड धावपट्ट्यांवर तीन टनी लष्करी ट्रक उतरवायचा होता. युद्ध आधीच संपले आणि ते दार सुट्टीवाल्यांच्या कामी आले.

पुढे १९५९ मध्ये उडालेल्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ आर्गोसीला दोन्हीकडे दारे होती. पण तोवर या धंद्याचा कल दुसरीकडे झुकू लागला होता.

कारव्हेअर हे वेगळे विमान का म्हणायचे? ते तर जुने डग्लस आहे.

अर्धे खरे. मागचा अर्धा भाग, पंख आणि चारही इंजिने डग्लस या अमेरिकी कंपनीच्या डीसी-४ विमानाची. पुढचा भाग नवा.

कारण असे की पन्नासच्या दशकाच्या शेवटाला फ्रेटर म्हातारे होऊ लागले होते आणि मोटारी लांब होऊ लागल्या होत्या. नवे विमान बनवून घेण्याइतका पैसा या धंद्यात नव्हता. त्याच वेळी मोठ्या कंपन्या जेट विमाने घेत होत्या आणि त्यांची डीसी-४ स्वस्तात विकायला निघाली होती. फ्रेडी लेकर यांच्या एव्हिएशन ट्रेडर्स कंपनीने काय केले, तर डीसी-४ चे नाक पंखांच्या पुढे कापून टाकले. त्या जागी सुमारे पावणेनऊ फूट जास्त लांब, नवे, उंच नाक बसवले. पुढे बाजूला उघडणारे एकच मोठे दार, हायड्रॉलिक ताकदीने चालणारे. कॉकपिट पुन्हा पोटमाळ्यावर. २१ जून १९६१ रोजी ते इंग्लंडमधल्या साउथएंडला पहिल्यांदा उडाले. 'कार-व्हाया-एअर' यावरून त्याचे नाव पडले.

आतल्या बदलांत दोन गोष्टी मला विशेष आवडतात. वैमानिकाच्या हातातून शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारा डीसी-४ मध्ये जमिनीखालून जायच्या. कॉकपिट वर गेल्यावर त्या छताखालून न्याव्या लागल्या. घराचे स्वयंपाकघर एका मजल्यावरून दुसऱ्यावर हलवले की नळाच्या पाइपांचे जे होते, तेच. दुसरी गोष्ट पुढच्या चाकाची. ते पूर्वी पोटात जायचे, पण आता पोटात गाडीची जमीन आली. मग चाकासाठी विमानाखाली बाहेरून एक फुगवटा केला. कारव्हेअरच्या फोटोत हनुवटीखाली जो फोड दिसतो तो हाच. लांब नाकामुळे विमान वाऱ्यात डोलू नये म्हणून शेपटीचा पंखही मोठा करावा लागला.

मांडणी साधारण पाच गाड्या आणि बावीस प्रवासी. प्रवासी पुन्हा मागेच. आडभिंत सरकवून गाड्या कमी आणि माणसे जास्त, असेही करता येई.

कारव्हेअरमध्ये गाडी चढवायला उताराची फळी का नव्हती?

उंचीमुळे. फ्रेटर जमिनीलगत बसते, त्याला छोटी फळी पुरते. डीसी-४ ची जमीन माणसाच्या डोक्याहून वर असते. तिथवर फळी लावली तर ती घाटरस्त्याइतकी लांब होईल. म्हणून कात्रीसारख्या पायांची उचलणारी फलाटगाडी वापरत. मोटार तिच्यावर चढवायची, फलाट सरळ वर उचलायचा आणि मग मोटार सपाट जमिनीवरून आत. म्हणजे ज्या विमानतळावर हे यंत्र नाही, तिथे कारव्हेअर जाऊन उपयोग नाही. फ्रेटरला हे बंधन नव्हते. नव्या मांडणीने जागा मिळवली आणि स्वातंत्र्य गमावले, असे माझे मत.

१९६४ च्या एका बाँडपटात खलनायकाची रोल्स-रॉइस अशीच साउथएंडला कारव्हेअरमध्ये चढताना दिसते. तिथे हा फलाट पाहायला मिळतो. आतली मांडणी मात्र दाखवत नाहीत.

म्हणजे हे बोइंग ७४७ चे आजोबा का?

दिसायला हो, रक्ताने नाही. ७४७ चे कुबड त्याच कारणाने आले. मालवाहू आवृत्तीत नाक उघडून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर नेले. ७४७ पहिल्यांदा उडाले १९६९ मध्ये. एकच अडचण वेगवेगळ्या लोकांनी एकाच तऱ्हेने सोडवली, इतकेच. आणि तसा मान द्यायचाच तर तो कारव्हेअरला नको, १९४५ च्या फ्रेटरला द्या.

ही विमाने सुरक्षित होती का?

बरीचशी, पण डागाशिवाय नाही. मे १९४९ मध्ये एकाच इंजिनावर उडण्याची चाचणी चालू असताना एक फ्रेटर समुद्रात कोसळले. पुढच्या आवृत्त्यांत शेपटीच्या पंखापुढे एक उतरती पट्टी जोडलेली दिसते. विमान बाजूला घसरू लागले की शेपटीवर येणारा ताण सांभाळण्यासाठी ती आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये लँकेशरमधल्या विंटर हिल टेकडीवर प्रवासी आवृत्तीचे विमान धुक्यात आदळले आणि ३५ माणसे गेली. त्यात गाड्या नव्हत्या. डिसेंबर १९६२ मध्ये रॉटरडॅमला उतरताना एक कारव्हेअर कोसळले.

पण या विमानांना खरे खाल्ले ते थकव्याने. वीस मिनिटांची फेरी म्हणजे दिवसात किती उड्डाणे आणि किती उतरणी! प्रत्येक वेळी पंख वाकतो आणि सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे पंखांतल्या मुख्य कण्याचे आयुष्य झपाट्याने संपत गेले. लांब पल्ल्याच्या विमानाला जी वर्षे मिळतात, ती यांना मिळाली नाहीत.

इंग्लंडबाहेर ही मांडणी कुठे वापरली?

न्यूझीलंडचे उदाहरण मला सर्वांत हुशार वाटते. तिथे दोन मोठ्या बेटांमध्ये कुकची सामुद्रधुनी आहे आणि रेल्वेचा माल पलीकडे न्यायचा होता. स्ट्रेट्स एअर फ्रेट एक्स्प्रेस ही कंपनी १९५१ पासून फ्रेटरने तो नेऊ लागली. त्यांच्या लक्षात आले की विमान जमिनीवर उभे राहते तो वेळ फुकट जातो. मग त्यांनी 'कार्गॉन' नावाची पद्धत काढली. माल आधीच मोठ्या फळ्यांवर रचून, बांधून, तोलून तयार ठेवायचा. विमान आले की जुन्या फळ्या नाकातून बाहेर, नव्या आत. म्हणजे वजनाचा तोल विमानात नव्हे, शेडमध्येच साधला जायचा. आज बहुतेक मोठी मालवाहू विमाने याच तत्त्वावर भरली जातात.

चॅटम बेटांच्या फेऱ्यांसाठी त्यांनी प्रवाशांची अख्खी खोलीच पेटीसारखी बनवली. हवी तेव्हा नाकातून आत सरकवायची, नको तेव्हा काढून माल भरायचा.

आयर्लंडच्या एअर लिंगसने कारव्हेअरमधून मोटारींबरोबर शर्यतीचे घोडेही नेले. ऑस्ट्रेलियात अँसेट या विमान कंपनीनेही कारव्हेअर वापरली.

भारताशी काही संबंध?

आहे, पण मोटारींचा नाही. १९४७ च्या फाळणीत सिल्व्हर सिटीच्या विमानांनी निर्वासितांची ने-आण केली आणि त्यात टाइप १७० चे प्रवासी रूप 'वेफेअरर' हेही होते. मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या कंपनीने वर्षभर आधी, त्याच जातीच्या विमानात, घरदार सोडून निघालेली माणसे वाहिली. पाकिस्तानच्या हवाई दलाकडे पुढे फ्रेटरचा मोठा ताफा होता.

मोटार विमानातून नेण्याची सेवा आपल्याकडे रुजण्यासारखी नव्हतीच. तिला तीन गोष्टी लागतात: अरुंद समुद्र, दोन्ही काठांवर पैसेवाले मोटारवाले आणि वाईट जहाजे. आपल्याकडे अशी गरज दुसऱ्या वाटांनी भागली. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाडहून ट्रक वाघिणीवर चढवून नेले आणि आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी रो-रो बोटीने जातात. त्या बोटीचा पुढचा पडदा खाली पडून गाड्या बाहेर पडताना पाहिल्या की मला दर वेळी फ्रेटरचे नाक आठवते.

मग हे सगळे बंद का पडले?

ज्या वाईट जहाजांमुळे धंदा सुरू झाला, ती सुधारली म्हणून. १९५३ मध्येच डोव्हरला गाड्या चालवत बोटीत चढवण्याची सोय झाली. पुढे बोटी मोठ्या होत गेल्या. १९६८ मध्ये हवेच्या गादीवर चालणारे प्रचंड हॉवरक्राफ्ट आले. त्यात ३० गाड्या आणि अडीचशे माणसे, खाडी पार व्हायला साधारण पस्तीस मिनिटे. समोर फ्रेटरच्या तीन गाड्या आणि कारव्हेअरच्या पाच. मांडणी कितीही हुशारीने केली तरी तीन म्हणजे तीनच.

कंपन्यांनी लांबचे मार्ग करून पाहिले. कारव्हेअरने साउथएंडहून थेट बाझल, जिनिव्हा आणि स्ट्रासबर्ग गाठून दिले. पण लांब गेले की इंधन वाढते आणि तेवढ्या भाड्यात माणूस तिकडे भाड्याची मोटार घेऊ शकतो. सिल्व्हर सिटी आणि चॅनल एअर ब्रिज या दोन स्पर्धक कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज झाली, तरी सत्तरच्या दशकात मोटारी बंद झाल्या. उरलेली विमाने साधा माल वाहू लागली.

आज ती आतून पाहता येतील का?

उडणारे फ्रेटर आता नाही. न्यूझीलंडहून सुटे करून आणलेले एक २०१८ मध्ये आपल्या जन्मगावी, फिल्टनच्या एअरोस्पेस ब्रिस्टल संग्रहालयात पोचले. कॅनडात अल्बर्टामधल्या वेटास्किविन इथे एक आहे, ऑस्ट्रेलियात पॉइंट कुक इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात एक आणि न्यूझीलंडमध्ये ब्लेनमजवळ एक. कारव्हेअर फारच थोडी उरली. त्यातले एक २००७ मध्ये अलास्कातल्या खाणीच्या धावपट्टीवर उतरताना मोडले, चालक वाचले.

पण आतल्या मांडणीचा खरा अनुभव घ्यायचा असेल तर न्यूझीलंडमध्ये वाइटोमोला जावे. तिथल्या वुडलिन पार्कमध्ये एका फ्रेटरच्या दोन खोल्या करून त्या रात्रीसाठी भाड्याने देतात. एक कॉकपिटच्या बाजूची, एक शेपटीकडची. जमले तर कॉकपिटचीच घ्या.